‘दिसला’ या शब्दापाशी

पुनरुत्थानाच्या सणानंतरचा आठवडा मी दरवर्षी घरभेटींसाठी राखून ठेवतो. चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा शीण उतरलेला असतो, देवळातली फुले अजून ताजी असतात आणि घरोघरी बोलण्यात एक मोकळेपणा आलेला असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी मी धर्मग्रामातल्या एका मावशींकडे गेलो होतो. त्यांचा थोरला मुलगा दोन वर्षांपूर्वी आजारात गेला होता. भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो होता. शेजारी क्रूस होता. चहा आला. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि मग त्यांनी एकदम विचारले,

‘‘फादर, रविवारी तुम्ही प्रवचनात सांगितलंत, प्रभू पेत्राला दिसला, बारा जणांना दिसला, पाचशे जणांना दिसला. मी दोन वर्षं रोज रात्री या क्रुसासमोर बसते. मला प्रभू दिसला नाही. मुलगा तर स्वप्नातसुद्धा दिसला नाही. माझ्याच विश्वासात काही खोट आहे का?’’

मी त्यांना थोमाची गोष्ट सांगितली. न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना प्रभूने धन्य म्हटले आहे याची आठवण करून दिली. मावशींनी मान हलवली आणि कप उचलून आत नेला. माझे उत्तर चुकीचे नव्हते. परंतु ते प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच माझ्या ओठांवर तयार होते, आणि तयार उत्तर दुःखी माणसाला लगेच ओळखू येते. त्या रात्री मी कपाटातून सेमिनरीच्या दिवसांतला ग्रीक नवा करार काढला व मावशींनी पाच वेळा उच्चारलेला तो एकच शब्द शोधू लागलो : ‘दिसला’. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

संत पौलाने इ.स. ५४-५५च्या सुमारास करिंथ येथील ख्रिस्ती समुदायाला जे पहिले पत्र लिहिले, त्याच्या पंधराव्या अध्यायाच्या आरंभी ख्रिस्तसभेच्या श्रद्धेचे एक अतिशय जुने सार आलेले आहे. हे आपण स्वतः रचलेले नाही, आपल्याला जे मिळाले तेच आपण पुढे देत आहोत, असे पौल तेथे बजावून सांगतो. त्या सारात चार क्रियापदे आहेत : ख्रिस्त मरण पावला, तो पुरला गेला, तो उठविला गेला आहे, आणि तो दिसला. या शेवटच्या क्रियापदासाठी मूळ ग्रीक शब्द आहे ‘ओफ्थे’. पाचव्यापासून आठव्या ओवीपर्यंत तो चार वेळा येतो. केफाला आणि नंतर बारा जणांना, एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधूंना, याकोबाला आणि नंतर सर्व प्रेषितांना, आणि सर्वांत शेवटी खुद्द पौलाला.

व्याकरणाच्या दृष्टीने ‘ओफ्थे’ हे ‘होराओ’ म्हणजे ‘मी पाहतो’ या धातूचे भूतकाळी, कर्मणी, तृतीय पुरुषी एकवचनी रूप आहे. नुसत्या व्याकरणाच्या पुस्तकाने पाहिले तर त्याचा अर्थ ‘तो पाहिला गेला’ असा होईल. परंतु कर्मणी प्रयोगात ज्याच्याकडून क्रिया घडते त्याला ग्रीक भाषा सहसा ‘हिपो’ हे शब्दयोगी अव्यय लावते. ‘केफाकडून पाहिला गेला’ असे म्हणायचे असते तर पौलाला तसे म्हणता आले असते. तो तसे म्हणत नाही. केफाचे नाव तो चतुर्थी विभक्तीत ठेवतो. म्हणून अर्थ बदलतो. पाहणारा हा क्रिया करणारा उरत नाही. ज्याच्यापाशी काहीतरी येऊन पोहोचते असा तो होतो.

इंग्रजी किंवा जर्मन शिकलेल्या विद्यार्थ्याला हा बारकावा समजावून सांगायला बराच वेळ लागतो. मराठी माणसाला तो आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो. ‘मी चंद्र पाहिला’ आणि ‘मला चंद्र दिसला’ ही दोन वाक्ये घ्या. पहिल्यात मी मान वर केली, मी शोधले, मी पाहिले. क्रिया माझी आहे. दुसऱ्यात चंद्र कर्ता आहे. मी गच्चीवर वाळवण काढायला गेलो असेन, माझ्या मनात चंद्र नसेलही. तो दिसला, आणि तो मला दिसला. या ‘मला’ला आपले व्याकरणकार संप्रदान म्हणतात. ज्याला दिले जाते तो संप्रदान. गंमत अशी, की ग्रीक भाषेतही या विभक्तीचे नाव ‘देणे’ या धातूवरूनच पडले आहे आणि लॅटिन ‘दातिवुस’चा अर्थही तोच. म्हणजे केफाला दिसला असे म्हणताना तीनही भाषा एकच गोष्ट नकळत मान्य करतात : दिसणे हे देणे आहे. आपण मराठीत ‘दर्शन दिले’ असे म्हणतो, तेही याच जाणिवेतून.

हा शब्द पौलाने नव्याने घडविलेला नाही. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात मोशेच्या पाच ग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले. तेथे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात पाणी एकत्र झाल्यावर कोरडी जमीन दिसू लागते, तिच्यासाठी ‘ओफ्थे’ हाच शब्द आहे. पुढे परमेश्वर अब्राहामाला दर्शन देतो तेथेही हाच. मूळ हिब्रूत ‘वय्येरा’ असे रूप आहे आणि यहुदी लोक सभास्थानात वाचल्या जाणाऱ्या उताऱ्यांपैकी एकाला याच शब्दाने ओळखतात. प्रभू येशूच्या काळात अलेक्झांड्रियातच राहणारा यहुदी तत्त्वज्ञ फिलो याच्या नजरेतून हे रूप सुटले नाही. अब्राहामाविषयीच्या आपल्या ग्रंथात तो लक्ष वेधतो, की शास्त्र ज्ञानी माणसाने देवाला पाहिले असे म्हणत नाही, तर देव ज्ञानी माणसाला दिसला असे म्हणते. कारण देवाने स्वतःला प्रकट केल्याखेरीज माणसाच्या बुद्धीला त्याच्यापर्यंत पोहोचता येणार नाही. ख्रिस्ती नसलेल्या एका विद्वानाने केवळ एका क्रियापदाच्या आधारे कृपेचा सिद्धान्त मांडावा, हे विलक्षण आहे.

येथे एक प्रामाणिक शंका उभी राहते. दिसणे म्हणजे भासणे तर नव्हे? आपल्या मराठीतही दोरीच्या ठिकाणी साप ‘दिसतो’. लॅटिन बायबलात पौलाच्या या ओवीत ‘वीसुस एस्त’ असे शब्द आहेत, आणि त्या क्रियापदाला ‘दिसणे’ व ‘वाटणे’ असे दोन्ही अर्थ आहेत. मग शिष्यांना जे दिसले ते त्यांच्या शोकाने निर्माण केलेले चित्र होते काय? विसाव्या शतकात या शब्दावर जर्मनीत पुष्कळ वाद झाला. विल्हेल्म मिखाएलिस या अभ्यासकाने १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या कराराच्या ग्रीक शब्दकोशाच्या पाचव्या खंडात असे मत मांडले, की या शब्दात डोळ्यांनी पाहण्यापेक्षा प्रकटीकरणावर भर आहे. इतरांनी त्याला हरकत घेतली. त्यांच्या मते ‘होराओ’ धातूतून डोळे पूर्णपणे काढून टाकता येत नाहीत.

मला वाटते, एकट्या शब्दाकडून आपण फार मोठ्या साक्षीची अपेक्षा करू नये. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात हाच शब्द भांडणाऱ्या दोन इस्राएली माणसांसमोर मोशे आला त्या अगदी साध्या प्रसंगासाठी वापरला आहे, आणि पौलाला रात्री मासेदोनियाचा माणूस दृष्टान्तात दिसला तेथेही वापरला आहे. तेव्हा शब्द ‘कसे’ दिसले याचा निकाल देत नाही. तो निकाल त्याच्या शेजारच्या शब्दांनी लागतो. पौल आधी ‘पुरला गेला’ असे म्हणतो, मग ‘उठविला गेला आहे’ असे म्हणतो. हे तिसरे क्रियापद इतर तिघांसारखे साध्या भूतकाळात नाही, तर घडून गेलेल्या आणि आजही टिकून असलेल्या स्थितीचे वाचक आहे. जो पुरला गेला तोच उठला आणि जो उठला तोच दिसला. शिवाय पाचशेपैकी बहुतेक जण अजून हयात आहेत, असेही पौल सांगतो. जा आणि विचारा, हाच त्याचा अर्थ. शोकातून निघालेल्या भासाविषयी कोणी अशी हमी देत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही हेच म्हटले आहे, की पुनरुत्थान हे शिष्यांच्या भावनिक उन्मादाचे फळ नव्हते. ते तर खचलेले आणि घाबरलेले होते, आणि स्त्रियांच्या सांगण्यावर त्यांचा विश्वासही बसला नव्हता.

परंतु मावशींचा प्रश्न हा नव्हता. पेत्राला दिसले ते खरे, याविषयी त्यांना शंका नव्हती. त्यांचा प्रश्न त्याहून अवघड होता. दिसणे ही देणगी असेल, तर ती एकाला मिळते आणि दुसऱ्याला का मिळत नाही? आणि जिला मिळाली नाही तिचा त्यात काय अपराध? हा नीतीचाच प्रश्न आहे, कारण त्यात न्यायाची मागणी आहे.

पौलाची यादी पुन्हा एकदा वाचू या. सर्वांत पहिले नाव केफाचे. शेकोटीपाशी उभे राहून तीन वेळा नाकारणारा तो हाच. मग बारा जण. गेथशेमानीत प्रभूला टाकून पळालेले ते हेच. याकोब हा प्रभूचा आप्त. प्रभूच्या आप्तांनी त्याच्या हयातीत त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता, असे योहान नमूद करतो. आणि शेवटी पौल, ख्रिस्तसभेचा छळ करणारा. तो याच वाक्यात स्वतःला अकाली जन्मलेल्या गर्भाची उपमा देतो. ही गुणवंतांची यादी नाही. ज्यांना दिसला त्यांच्यापैकी एकालाही ते दिसणे पुण्याची कमाई म्हणून मिळाले नव्हते. आता यातून जे आपोआप निघते ते आपण स्वीकारले पाहिजे. दिसणे हे जर पुण्याचे बक्षीस नसेल, तर न दिसणे ही पापाची शिक्षा असू शकत नाही. देणगीला पगाराचा नियम लावून आपण स्वतःलाही छळतो आणि शेजाऱ्यालाही. ‘त्यांच्या घरी चमत्कार झाला, आपल्या घरी का नाही’ या तुलनेने कितीतरी भाविक घरे पोखरली गेलेली मी पाहिली आहेत.

त्या रात्री ही यादी वाचताना आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती इतकी वर्षे डोळ्यांसमोर असूनही मला दिसली नव्हती. या यादीत प्रभूच्या आईचे नाव नाही. केवळ या यादीतच नव्हे, चारही शुभवर्तमानांत उठलेला ख्रिस्त पवित्र मरियेला दिसला असा एकही प्रसंग लिहिलेला नाही. संत इग्नाशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात प्रभूने सर्वांत आधी आपल्या आईला दर्शन दिले असे धरून मनन करायला सांगितले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९९७ साली तसेच मानणे योग्य असल्याचे म्हटले होते. भाविक अंतःकरणाला ते सहज पटते. परंतु शास्त्र मात्र त्याविषयी मौन पाळते. क्रुसाखाली उभी असलेली आई आपल्याला योहान दाखवतो. त्यानंतर ती पुन्हा भेटते ती थेट माडीवरच्या खोलीत, शिष्यांबरोबर प्रार्थनेत, पवित्र आत्म्याच्या प्रतीक्षेत. मधल्या काळात तिला काय दिसले हे शास्त्राने लिहिले नाही. ती मात्र प्रार्थनेत आहे हे लिहिले आहे. दर्शनाच्या यादीत नाव नसणे म्हणजे प्रेमाच्या यादीत नाव नसणे नव्हे, याला याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

मग माणसाने हात जोडून नुसते बसून राहायचे काय? दिसणे त्याच्या हाती असेल, तर आपल्या हाती काय उरते? येथे मराठीचा दुसरा शब्द मदतीला येतो : ‘पाहणे’.

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात माम्रेच्या ओकवृक्षांपाशी अब्राहाम भर दुपारी तंबूच्या दारात बसला आहे. पहिल्या ओवीत देव त्याला दिसला असे म्हटले आहे आणि शब्द तोच, ‘ओफ्थे’. दुसऱ्या ओवीत अब्राहाम डोळे वर करून पाहतो, तेथे क्रियापद कर्तरी आहे. त्याने काय पाहिले? तीन पांथस्थ. देव दिसला, पण अब्राहामाने पाहिली ती तीन माणसे. तो धावत गेला, पाय धुवायला पाणी मागविले, भाकरी भाजायला सांगितली, वासरू निवडले. आपल्या दारी कोण आले आहे हे पूर्ण कळण्यापूर्वीच त्याने पाहण्याचे आपले काम केले. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी उजवीकडचे आणि डावीकडचे दोघेही एकच प्रश्न विचारतात, आम्ही तुला केव्हा पाहिले? तेथेही क्रियापद कर्तरीच आहे. प्रभू तुम्हाला दिसला होता काय, असे त्या दिवशी कोणालाही विचारले जात नाही. भुकेला, उघडा, आजारी, बंदिवान यांना तुम्ही पाहिले की नाही, एवढेच विचारले जाते. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात याजक पाहतो, लेवी पाहतो आणि शोमरोनीही पाहतो. लूकने तिघांसाठी एकच शब्द वापरला आहे. दोघे पाहून पुढे गेले, एक पाहून थांबला. दिसण्यासाठी आपल्याला जाब द्यावा लागणार नाही. पाहण्यासाठी मात्र द्यावा लागेल.

आणि ज्याला दिसले त्याचीही जबाबदारी तेथे संपत नाही. रिकाम्या थडग्यापाशी मग्दालिया मरिया प्रभूला पाहते, पण माळी समजते. नावाने हाक आल्यावर तिला ओळख पटते. मग ती शिष्यांकडे जाते, तेव्हा तिचे वाक्य कर्तरी प्रयोगात आहे. आपण प्रभूला पाहिले आहे, असे ती सांगते. पौलही आपल्या प्रेषितपणाला कोणी आव्हान दिले तेव्हा याच रीतीने बोलतो. म्हणजे देणगी कर्मणीत येते आणि साक्ष कर्तरीत जाते. मिळाले तेव्हा ‘मला’, सांगायचे तेव्हा ‘मी’. हा क्रम उलटला, मिळाले तेव्हाच ‘मी’ म्हटले, की दर्शनाचा बाजार मांडला जातो. आपल्याला दर्शन झाल्याचा डंका पिटणाऱ्याच्या बोलण्यात किती ‘मी’ येतात ते मोजावेत. ती परीक्षा सहसा चुकत नाही.

काही दिवसांनी मी पुन्हा मावशींच्या घरी गेलो. या वेळी मी उत्तर घेऊन गेलो नव्हतो. ग्रीक व्याकरण त्यांना सांगण्याचे कारणही नव्हते. मी फक्त एवढेच म्हणालो, ‘‘मावशी, पवित्र मरियेला उठलेला प्रभू दिसला, असं शास्त्रात कुठंही लिहिलेलं नाही.’’

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे तीसुद्धा वाटच पाहत होती.’’

मी घरी येताना त्या एका वाक्याचा विचार करीत होतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी ख्रिस्ताच्या दुसऱ्या आगमनाविषयी लिहिताना लेखकाने पुन्हा हेच क्रियापद योजले आहे, पण भविष्यकाळात : ‘ओफ्थेसेताय’, तो दिसेल. कोणाला दिसेल? तेथेही चतुर्थीच आहे. जे त्याची प्रतीक्षा करतात त्यांना. पेत्राला, याकोबाला, पौलाला जो शब्द भूतकाळात मिळाला तोच आपल्याला भविष्यकाळात दिलेला आहे. यादी अजून बंद झालेली नाही.

प्रतीक्षा करण्याला ग्रीकमध्ये वेगळे क्रियापद आहे. मराठीत आपण त्याला वाट पाहणे म्हणतो. आपल्या पूर्वजांना हा शब्द सुचला तेव्हा त्यांना अनुभवाने ठाऊक असले पाहिजे, की ज्याला अजून काहीच दिसलेले नाही तोही पाहू शकतो. मावशी आजही रोज रात्री त्या क्रुसासमोर बसतात. दिवसा मात्र त्या शेजारच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीला भरवायला जातात. हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. ते मला दिसले.